नोकरी एकीकडे, भाषा दुसरीकडे: विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकानं आपली माणसं कशी शोधावीत

माझ्याकडे आमच्या खानदेशातल्या अहिराणीचे साडेसहाशे शब्द होते आणि ते दाखवायला एकही माणूस नव्हता. दिवसा विमा कंपनीत दावे तपासायचे आणि रात्री आत्याला फोन लावून शब्द उतरवून घ्यायचे, असं चार वर्षं चाललं होतं. घरच्यांना कौतुक होतं, पण कौतुकानं कोश होत नाही. मला हवं होतं "हे तू चुकीचं लिहिलंयस" असं सांगणारं कुणीतरी.

हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे. शाळेत शिकवता शिकवता म्हणी गोळा करणारे, अनुवाद करणारे, सबटायटल लिहिणारे, फाँट आणि कळफलक बनवणारे, बँकेतून निवृत्त होऊन गावच्या बोलीचा कोश करायला बसलेले. विद्यापीठातल्या लोकांकडे पगार, रजा आणि ग्रंथालय असतं हे खरं. पण ग्रंथालयाचा बराच भाग आता घरी बसून मिळतो. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात फुकट शोधता येतात. विद्यापीठात आणखी एक गोष्ट असते, जी घरी मिळत नाही: शेजारच्या खोलीत बसलेला, आपल्याच विषयातला, जरासा खडूस सहकारी. तो कसा मिळवायचा एवढंच मला सांगायचं आहे.

आपण काही जगावेगळं करत नाही, हेही आधीच सांगून ठेवते. मोल्सवर्थ मुळात फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, पण तो त्यानं एकट्यानं लिहिला नाही, भोवती कँडी बंधू आणि शास्त्र्यांचा ताफा होता. दाते-कर्वे यांचा कोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत आला, तोही मंडळ करून. आणि इतिहासाचार्य राजवाडे! एकटेपणाची आणि भांडणाची एवढी ख्याती असलेला माणूस, पण १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढताना त्यांनाही चार माणसं लागलीच. पुढे १९२६ साली ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या मागे तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मी धुळ्याची. लहानपणी त्या इमारतीवरून शेकडो वेळा गेले असेन. आत जायला वयाची तिशी उलटावी लागली.

पायरी पहिली: माणसं शोधण्याआधी हातात काहीतरी घ्या

"मला भाषेची खूप आवड आहे" हे वाक्य घेऊन कुठल्याही मंडळात गेलात तर लोक चहा देतील आणि विसरतील. एक लहान, पुरं झालेलं काम घेऊन गेलात तर कुणीतरी ते उलटसुलट करून बघेलच. शंभर शब्द पुरेत. एका गावातली नांगराच्या भागांची नावं, एका आजीच्या ओव्या, एका बाजारातली मापं. दहा हजार शब्दांचा संकल्प नको. संकल्पात चूक काढता येत नाही.

माझी वही पहिल्यांदा एका चर्चासत्रात चहाच्या वेळी उघडली गेली. बोलीवर आयुष्य घालवलेल्या एक वयस्कर बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "कोणाकडून?"

"आत्याकडून."

"आत्या कुठल्या?"

"शिरपूरच्या."

"लग्नाआधी कुठल्या?"

मी गप्प. आत्या साक्रीकडची. लग्न होऊन शिरपूरला आली त्याला पन्नास वर्षं झाली होती. म्हणजे माझ्या वहीतला कुठला शब्द माहेरचा आणि कुठला सासरचा, हे मला अजिबात सांगता येत नव्हतं. आपल्याकडे बायकांची बोली लग्नाबरोबर गाव बदलते, ही गोष्ट मला आयुष्यभर दिसत होती आणि तरी सुचली नव्हती. मग त्यांनी बोट ठेवलं ते 'डोळा' या शब्दावर. "हे असं म्हणतात तिकडे?" नाही म्हणत. 'डोया' म्हणतात. अहिराणीत ळ चा य होतो, काळा चा काया होतो, हे मी रोज ऐकत होते. पण लिहिताना माझ्यातल्या शाळेनं तो शब्द 'शुद्ध' करून टाकला होता. त्या एका चहात माझे दोनशे शब्द रद्द झाले. इतका उपयोगी चहा मी त्यानंतर घेतलेला नाही.

तेव्हा नोंद अशी ठेवा: शब्द जसा ऐकला तसा, अर्थ, एक पूर्ण वाक्य, सांगणाऱ्याचं गाव (लग्नाआधीचं आणि नंतरचं), वय, शिक्षण, घरात दुसरी कुठली भाषा चालते ते, आणि तारीख. माझी आजची नोंद अशी दिसते: 'आंडेर, मुलगी, लेक. मनी आंडेर वावरमा जास, म्हणजे माझी मुलगी शेतात जाते.' खाली आत्याचं नाव, कारण तिनं ठणकावून सांगितलं होतं की नाव लावायचंच. काही जणांना नाव नको असतं. तेही विचारायचं, आणि परवानगी ध्वनिमुद्रणातच घ्यायची: "मी हे लिहून घेतेय, पुढे छापेन, इंटरनेटवर टाकेन, चालेल ना?" कागदावरच्या सहीपेक्षा म्हाताऱ्या माणसांना हे बरं वाटतं. सही म्हटलं की त्यांना तलाठी आठवतो.

ध्वनिमुद्रणाबद्दल दोनच गोष्टी. पंखा बंद करा. आणि फाइल वेव्ह प्रकारात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आवाज इतका दाबलेला असतो की पुढे कुणाला त्यातल्या स्वरांची मापं घ्यायची झाली तर हाती काही लागत नाही. ती मापं घेण्यासाठी 'प्रात' नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते, आणि ध्वनिफितीखाली ओळीओळीनं मजकूर बसवायला 'इलान'. दोन्ही नेदरलँड्समध्ये तयार झाल्या आणि जगभरचे भाषा-अभ्यासक त्याच वापरतात. पहिल्याच महिन्यात शिकायची गरज नाही, पण नावं कानावर असू द्या, कारण लोक बोलण्यात ती गृहीत धरतात.

पायरी दुसरी: आधी जवळचं दार

सगळ्यांना थेट आंतरराष्ट्रीय परिषदेला जायचं असतं. मी म्हणेन आधी पायी जाता येईल तिथे जा.

महाराष्ट्रात साहित्यसंस्थांचं जाळं जुनं आहे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. यांचे कार्यक्रम बहुतेक कथा-कवितांचे असतात, भाषाविज्ञानाचे क्वचित. तरी जा, कारण तिथल्या प्रेक्षकांत निवृत्त शिक्षक असतात, आणि निवृत्त शिक्षकाइतका बोलीचा जाणकार आणि मोकळा वेळ असलेला माणूस दुसरा नाही.

बोलींची स्वतःची मंडळंही आहेत. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, झाडीबोलीची चळवळ अनेक वर्षं चालू आहे. तिची संमेलनं होतात, शब्दकोश झाला आहे, आणि हे बरंचसं काम विद्यापीठांच्या भिंतींबाहेर गावोगावच्या शिक्षकांनी आणि कवींनी केलं आहे. अहिराणी आणि मालवणीचीही संमेलनं भरतात.

इथे एक सावधगिरी. बोलीच्या संमेलनात बोलीवर प्रेम भरपूर असतं, बोलीबद्दलचे प्रश्न मात्र सगळ्यांनाच आवडत नाहीत. "हा शब्द गुजरातीतून आला असेल का?" एवढं विचारल्यावर मला एकदा "तुम्ही आमच्या की त्यांच्या?" असं ऐकावं लागलं होतं. रागावू नका. ज्यांच्या बोलीला शाळेत गावंढळ म्हणून हसले, त्यांना तुमचा प्रश्न त्याच हसण्यासारखा वाटतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी जाल तेव्हा तीच माणसं तुम्हाला बाजूला घेऊन सांगतील की त्यांच्या मामाच्या गावात तो शब्द वेगळाच आहे.

शब्दांच्या पलीकडे जाऊन भाषेचा विचार करणारं पुण्यातलं मंडळ म्हणजे मराठी अभ्यास परिषद. 'भाषा आणि जीवन' हे त्यांचं त्रैमासिक. त्याच्या उभारणीत अशोक केळकरांसारखा भाषावैज्ञानिक होता, तरी ते फक्त प्राध्यापकांचं कधीच नव्हतं. डॉक्टर, अनुवादक, संपादक, नुसते चौकस वाचक, सगळे त्यात लिहीत आले आहेत. नवख्यानं पहिलं टिपण कुठे पाठवावं, असं मला कुणी विचारलं तर मी याचं नाव सांगते. जुने अंक आधी वाचा. आपला 'नवा' शोध कुणीतरी तिथे आधीच लावलेला असतो. मला हे तीनदा झालं.

गोव्यात असाल आणि कोंकणीवर काम करत असाल, तर पर्वरीचं थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र गाठा. जेज्वितांनी चालवलेली ही संस्था ज्यांच्या नावाची आहे, त्या स्टीफन्सचं कोंकणी व्याकरण १६४० साली रायतूरला छापलं गेलं. मोडीत रस असेल तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय ही दोन ठिकाणं टाळून चालणारच नाही. तंजावरच्या मराठी घरांतली मराठी हा तर स्वतंत्र विषय आहे, आणि तो विद्यापीठातल्या माणसापेक्षा त्या घरात जन्मलेल्या माणसाला जास्त साधेल. अमेरिकेत असाल तर १९८१ पासूनचं बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि त्याच्या मराठी शाळा आहेत. तिथल्या मुलांच्या तोंडची मराठी टिपायला घ्या. आईवडील ती सुधारण्याच्या नादात असतात, टिपायचं कुणाच्या मनात येत नाही.

पायरी तिसरी: देशातली परिषद

लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया १९२८ साली लाहोरला स्थापन झाली आणि आज तिचं ठाणं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. 'इंडियन लिंग्विस्टिक्स' हे तिचं नियतकालिक, आणि दरवर्षी वेगवेगळ्या शहरात तिची परिषद भरते. सभासद व्हायला प्राध्यापक असावं लागत नाही. चालू वर्गणी आणि अर्जाचे नियम त्यांच्याकडूनच घ्या, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. द्राविडी भाषांवर काम असेल (आणि गडचिरोलीतल्या माडियावर काम करणाऱ्या मराठी माणसाचं ते असतंच), तर तिरुवनंतपुरमची द्रविडियन लिंग्विस्टिक्स असोसिएशन आहे. कोशकारांसाठी एशियालेक्स ही १९९७ पासूनची आशियाई संघटना. धोक्यात आलेल्या भाषांसाठी इंग्लंडमधलं फाउंडेशन फॉर एंडेंजर्ड लँग्वेजेस, १९९६ पासूनचं. त्यांची परिषद २००६ साली म्हैसूरला आणि २०१६ साली हैदराबादला भरली होती, म्हणजे ही मंडळी आपल्या दारापर्यंत येतात.

परिषदेत शिरायचं दार म्हणजे गोषवारा. तीनशे ते पाचशे शब्द, ज्यात प्रश्न काय, सामग्री कुठून घेतली, काय सापडलं, एवढंच. नवखे लोक निम्मा गोषवारा 'भाषा ही संस्कृतीची वाहक आहे' छापाच्या वाक्यांवर घालवतात. ती सगळी खोडा. पहिलंच वाक्य असं हवं: 'शिरपूर तालुक्यातल्या अहिराणीत वर्तमानकाळात मी करस, तू करस, तो करस अशी तिन्ही पुरुषांत एकच रूपं येतात. शाळेत गेलेल्या तरुणांच्या बोलण्यात ती किती टिकली आहेत हे इथे पाहिलं आहे.' वाचणाऱ्याला पुढे वाचावंसं वाटतं.

विद्यापीठाबाहेरच्या माणसाला इथे एक फायदा असतो. बऱ्याच परिषदा गोषवारे नाव झाकून तपासतात. तपासणाऱ्याला तुम्ही विमा कंपनीत आहात की प्राध्यापक आहात हे कळत नाही, त्यामुळे काम चांगलं असेल तर ते चालतं. नाव उघड झाल्यावर मात्र प्रश्न येतो तो 'संस्था' या रकान्याचा. तो रिकामा सोडू नका आणि नोकरीच्या कंपनीचं नावही घालू नका, कारण कंपनीचा या कामाशी संबंध नाही आणि उद्या कुणी हरकत घेतली तर त्रास तुम्हालाच. सरळ लिहा: स्वतंत्र संशोधक, धुळे. मला सुरुवातीला हे लिहायची लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण त्याच रकान्यात तेच लिहिणारे मला दरवर्षी जास्त दिसतात. संशोधकाची ओळख सांगणारा ऑर्किड (ORCID) क्रमांकही काढून ठेवा. २०१२ पासून मिळणारा हा सोळा अंकी फुकट क्रमांक कुठल्याही संस्थेवर अवलंबून नसतो. त्यामुळे लग्नानंतर नाव बदललं, गाव बदललं, नोकरी सुटली तरी तुमचं काम तुमच्या मागे येतं.

परिषदेत अहिराणीवर बोलाल तर एक प्रश्न येणारच, "ही भाषा की मराठीची बोली?" इंग्रजी अमदानीत भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननं खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरतात) भिल्ल भाषांच्या खंडात घातली, तो खंड १९०७ चा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली, बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार. मराठीचे अनेक अभ्यासक मात्र तिला बोलीच मानतात. वारली, मालवणी, कोंकणी, सगळीकडे हा चिखल आहे. पहिल्या निबंधात त्यात पाय घालू नका. "माझ्या या कामापुरता तो प्रश्न मी उघडा ठेवला आहे" असं म्हणा आणि पुढची पारदर्शिका लावा. सभागृहातले दोघे आपसात भांडत राहतील, तुमची वेळ वाचेल.

परिषदेला जाण्याआधी घरी एक काम करा. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या शब्दांचे नकाशे आणि बोलण्याचे नमुने संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. तुमचा शब्द तिथे शोधा. नकाशावर तुमच्या गावाशेजारी वेगळाच शब्द दिसला, तर तुम्हाला निबंधाचा विषय मिळाला. विद्यापीठाबाहेरच्यांनी किती करता येतं याचा अंदाज हवा असेल, तर बडोद्याच्या भाषा केंद्रानं गणेश देवी यांच्या पुढाकारानं २०१० साली सुरू केलेलं भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण पाहा. त्यात आपापल्या भाषेवर लिहिणारे अनेक जण शिक्षक आणि कार्यकर्ते होते. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यातल्या प्रत्येक नोंदीचा दर्जा सारखा नाही, हे माझं मत. पण काही बोलींबद्दल दुसरं काही हाताशीच नसतं.

पायरी चौथी: संगणकावरचे सोबती

नोकरी करणाऱ्याला सर्वात सोयीचं दार हेच, कारण ते रात्री अकरालाही उघडं असतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि सोबत विक्षनरी हा शब्दकोश. विकिपीडियावर स्वतःचं संशोधन टाकता येत नाही, आधी कुठेतरी छापलेलं असावं लागतं. हा नियम न कळल्यानं पुष्कळ बोली-अभ्यासक रुसून निघून जातात. त्यापेक्षा लिंग्वा लिब्रे बघा. फ्रान्समधल्या विकिमीडिया मंडळींनी चालवलेल्या या प्रकल्पात शब्दांची यादी द्यायची, एकेक शब्द उच्चारायचा, की प्रत्येकाची वेगळी ध्वनिफीत आपोआप तयार होते. आत्याला समोर बसवून मी एका दुपारी दोनशे शब्द उरकले. मध्ये दोनदा कोंबडा आरवला, ते राहू दिलं.

यंत्राला मराठी ऐकायला शिकवणाऱ्यांसाठी मोझिलाचा कॉमन व्हॉइस प्रकल्प आहे. त्यात मराठीही आहे. वाक्य वाचून दाखवायचं, दुसऱ्यांनी वाचलेलं तपासायचं. वाक्यं प्रमाण मराठीतली, तरी वाचणाऱ्याचा हेल त्याच्या गावचा असतो, आणि तो तिथे पोचायलाच हवा. लिपीचं वेड असलेल्यांनी मोडीची गोष्ट लक्षात ठेवावी. २०१४ च्या जूनमध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या, सातव्या आवृत्तीत मोडी आली, कारण त्याआधी कुणीतरी जुनी कागदपत्रं चाळून, प्रत्येक अक्षराचे नमुने लावून रीतसर प्रस्ताव लिहिला होता. युनिकोडला असा प्रस्ताव कुणीही धाडू शकतं, त्याला पदवी लागत नाही. लागतो तो दस्तऐवज.

कोडी आवडणाऱ्यांसाठी भाषाविज्ञानाचं ऑलिंपियाड आहे. भारतातली स्पर्धा पाणिनीच्या नावानं होते, आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हैसुरात झाली होती. शाळेत शिकवत असाल तर मुलांना त्यातलं एक कोडं द्या. मग तुम्हीच रात्रभर सोडवत बसाल.

आणि आता कडू औषध. या सगळ्या ठिकाणी आवाज किंवा मजकूर मुक्त परवान्याखाली जातो. एकदा दिलेला मुक्त परवाना परत घेता येत नाही. तुमचं स्वतःचं लिखाण असेल तर ठीक. पण आजीनं अंगणात म्हटलेली, तिच्या वाटणीच्या भांडणाचा उल्लेख असलेली ओवी? ती उद्या कुणीही, कुठल्याही जाहिरातीतसुद्धा वापरू शकेल हे तिला समजेल अशा शब्दांत सांगा. ती नको म्हणाली तर नको. माझ्याकडे अशा चाळीसेक ध्वनिफिती आहेत ज्या मी कुणालाच दिलेल्या नाहीत.

पायरी पाचवी: श्रेय आणि पैसे

एकदा मी माझी सुधारलेली यादी एका संस्थेला 'बघायला' म्हणून दिली. दीड वर्षानं त्यातले बरेच शब्द, माझी उदाहरणवाक्यंसुद्धा, एका पुस्तिकेत दिसली. माझं नाव नव्हतं, आत्याचंही नव्हतं. मला माझ्यापेक्षा तिच्या नावाचं जास्त लागलं. भांडायला माझ्याकडे पुरावा काय? एक ईमेल, ज्यात मी लिहिलं होतं, 'सोबत यादी जोडली आहे, कळावे.'

म्हणून कुणालाही काही दाखवण्याआधी ते तारखेसकट कुठेतरी ठेवा. झेनोडो नावाचं भांडार आहे, जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेनं चालवलेलं, २०१३ पासूनचं. तिथे यादी, लेख, ध्वनिफीत काहीही ठेवता येतं, पैसे लागत नाहीत, आणि प्रत्येक वस्तूला कायमचा क्रमांक मिळतो. सर्वांना उघडं ठेवायचं नसेल तर बंद ठेवण्याची सोयही आहे. पत्रात एक ओळ घाला: 'ही यादी अमुक तारखेला नोंदवली आहे, वापरायची झाल्यास माझ्या आणि माहितीदारांच्या नावाचा उल्लेख करावा.' उद्धट वाटत नाही. वाटलं तर वाटू दे.

पैशाचं म्हणाल, तर मोठ्या अनुदानांना बहुतेक वेळा यजमान संस्था लागते, एकट्या माणसाच्या खात्यात कुणी पैसे टाकत नाही. गावातल्या महाविद्यालयातला एखादा उत्साही मराठीचा प्राध्यापक किंवा नोंदणीकृत संस्था सोबत घ्या, आणि काम कुणाचं, नाव कुणाचं हे पहिल्याच दिवशी कागदावर आणा. आणि फसवणूक ओळखा. दोन दिवसांत 'आपला शोधनिबंध स्वीकारला आहे' असं पत्र येतं, तपासणी नाही, शेरा नाही, फक्त शुल्काचा आकडा आणि प्रमाणपत्राचं चित्र. प्राध्यापकांना बढतीच्या गुणांसाठी अशी प्रमाणपत्रं लागतात, तुम्हाला कशाला हवीत? तुम्हाला बढती नाहीच, ही बाहेर असण्याची चैन आहे. ती उपभोगा.

पायरी सहावी: चौघांचं मंडळ

मोठ्या संस्था वर्षातून एकदा भेटतात. मधले अकरा महिने तुम्हाला कोण विचारणार? मला हे उत्तर सापडायला फार वर्षं लागली. आम्ही चौघं आहोत: मी, एक निवृत्त मुख्याध्यापक, सबटायटल लिहिणारी एक मुलगी आणि संगणकातला एक तरुण, ज्याला आपल्या आजोळची वऱ्हाडी विसरायची नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुख्याध्यापकांच्या घरी बसतो. एकानं वीस मिनिटं आपलं काम वाचायचं. मग बाकी तिघांनी प्रत्येकी किमान एक चूक दाखवायचीच. ज्याचं काम आहे त्यानं त्या वेळात तोंड उघडायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. "छान आहे" म्हणणाऱ्यानं पुढच्या वेळी भजी आणायची.

सुरुवातीला मुख्याध्यापक दर वेळी भजी आणत. चाळीस वर्षं मुलांच्या चुका काढलेला माणूस, पण मोठ्यांच्या काढायला संकोचायचा. मग एकदा त्यांनी माझ्या यादीत बारा चुका काढल्या. आता भजी विकत आणावी लागतात.

चौघांचे विषय वेगळे असलेलेच बरे. एकाच बोलीचे चार जण बसले की शब्द कुणाचा खरा यावर संध्याकाळ जाते. वेगळ्या विषयाचा माणूस मूर्ख वाटणारे प्रश्न विचारतो, आणि तुमच्या लेखातली भोकं त्यातूनच दिसतात. दोनपेक्षा जास्त महिने कुणी काही वाचलं नाही तर त्याला प्रेमानं प्रेक्षकांत बसवा. आणि सत्ताविसाव्या मिनिटाला बैठक राजकारणावर जातेच, त्याला इलाज नाही.

पायरी सातवी: पहिलं पत्र

कधीतरी ज्यांचं काम वाचून तुम्ही शिकलात अशा एखाद्या अभ्यासकाला लिहावंसं वाटेल. लिहा. पण तीन पानं नकोत आणि 'आपल्या चरणी' तर नकोच. मी ज्या पत्राला उत्तर मिळवलं ते जवळजवळ असं होतं:

'सप्रेम नमस्कार. आपला ळ आणि य यांवरचा लेख वाचला. मी धुळ्याची, नोकरी विमा कंपनीत, फावल्या वेळात शिरपूर तालुक्यातले अहिराणी शब्द नोंदवते. माझ्याकडच्या तीन माहितीदारांपैकी दोघींच्या बोलण्यात डोया आहे, तिसरीच्या बोलण्यात डोळा, आणि ती तिघींत सर्वात कमी शिकलेली आहे. हे मला उलगडत नाही. बारा वाक्यांची ध्वनिफीत सोबत जोडली आहे, साडेतीन मिनिटांची. आपण ऐकून एवढंच कळवलंत तरी पुरे, की मी तिला आणखी काय विचारावं?'

एक प्रश्न, थोडी सामग्री, आणि उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतील इतपतच मागणी. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, पुन्हा नाही. मला उत्तर चौथ्या दिवशी आलं, एका ओळीचं: "तिच्या नवऱ्याची नोकरी कुठे होती ते विचारा." विचारलं. नवरा पंचवीस वर्षं पुण्यात गिरणीवर होता आणि ती त्याच्याबरोबर राहिली होती. तो रकाना आता माझ्या वहीत आहे.